कॅनडातल्या युनियनचा अभ्यास: सुरुवात कुठून करायची

कॅनडातल्या कामगार संघटनांवर प्रबंध, लेख किंवा असाइनमेंट लिहायला घेणारे बहुतेक विद्यार्थी संपाच्या बातमीपासून सुरुवात करतात. विमानं बंद पडली, टपाल अडकलं, बंदरात जहाजं खोळंबली, की विषय सुचतो. सुचण्यापुरती बातमी ठीक आहे, पुढे ती फारशी साथ देत नाही. कॅनडात करार चालू असेपर्यंत संप बेकायदा असतो. संपाची वेळ करार संपल्यावरच येते, तीही ठरलेल्या पायऱ्या आणि नोटिशीची मुदत पार केल्यावर. बाकीची सगळी वर्षं कामगार संबंध कागदावर चालतात: मान्यतेचा अर्ज, करार, तक्रार, लवादाचा निवाडा. यातले बरेचसे कागद पुण्यात किंवा नागपुरात बसून फुकट वाचता येतात. तेव्हा संप थोडा बाजूला ठेवा आणि आधी करार वाचा. पण करार शोधण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो.

पायरी १: कायदा कोणाचा, ते ठरवा

कॅनडाचा एकच कामगार कायदा नाही. मॅकेन्झी किंग यांनी १९०७ साली औद्योगिक वादांच्या चौकशीचा एक केंद्रीय कायदा घडवला होता. तेव्हा ते कामगार खात्याचे सचिव होते, पुढे पंतप्रधान झाले. टोरंटोच्या वीज आयुक्तांच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे कॅनडासाठी तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १९२५ मध्ये ठरवलं, की मालक-कामगार संबंध हा मुळात प्रांतांचा विषय आहे. आज दहा प्रांतांचे दहा कायदे आणि तितक्याच यंत्रणा. केंद्राकडे उरले ते बँका, विमान कंपन्या, आंतरप्रांतीय रेल्वे, बंदरं, दूरसंचार, रेडिओ-टीव्ही आणि प्रांताची हद्द ओलांडणारी ट्रक वाहतूक. हे सगळे मिळून देशातल्या नोकरदारांच्या सुमारे ६ टक्के. केंद्र सरकारच्या स्वतःच्या नोकरांसाठी आणखी वेगळा कायदा.

त्यामुळे टोरंटोच्या एकाच रस्त्यावर बँकेतला कारकून केंद्राच्या कायद्याखाली येतो आणि शेजारच्या किराणा दुकानातला मुलगा ओंटारियोच्या. ब्रॅम्प्टनमधल्या ट्रकचालकांवर काम करायचं असेल, तर कंपनीचे ट्रक नेमाने प्रांताबाहेर जातात का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. उत्तरावर कायदा बदलतो आणि त्याबरोबर बोर्ड (युनियनच्या मान्यतेचे अर्ज आणि वाद पाहणारं कामगार मंडळ) आणि कागद सापडण्याची जागाही.

फरक किती पडतो ते पाहा. युनियनला मान्यता मिळण्यासाठी ओंटारियोत साधारणपणे ४० टक्के कामगारांनी सभासदत्वाच्या कार्डावर सह्या केल्या की गुप्त मतदान होतं. ब्रिटिश कोलंबियात २०२२ पासून ५५ टक्के सह्या असतील तर मतदानाची गरज पडत नाही. क्वेबेकमध्ये आणि केंद्राच्या कायद्यात बहुमताच्या सह्या पुरतात. संपाच्या काळात बाहेरून माणसं आणून काम चालवण्यावर क्वेबेकने १९७७ मध्ये बंदी घातली, ब्रिटिश कोलंबियाने १९९३ मध्ये. केंद्राची बंदी लागू झाली २० जून २०२५ रोजी. ‘कॅनडात युनियन करायला अमुक टक्के लागतात’ असं वाक्य तुमच्या मसुद्यात दिसलं, तर ते खोडा आणि प्रांताचं नाव घालून पुन्हा लिहा.

पायरी २: मान्यता म्हणजे काय, ते नीट समजून घ्या

आपल्याकडून जाणारा अभ्यासक इथे हमखास अडखळतो. १९२६च्या ट्रेड युनियन कायद्याने आपल्याला सवय लावली, की सात जण जमले की युनियनची नोंदणी व्हायची आणि एकाच गेटवर चार झेंडे असू शकतात. मालकाने बोलणी कोणाशी करायची, हा प्रश्न वेगळा. महाराष्ट्राने त्यासाठी १९७१ मध्ये मान्यतेचा स्वतंत्र कायदा केला.

कॅनडाने अमेरिकेच्या १९३५च्या वॅग्नर कायद्याची वाट धरली. फेब्रुवारी १९४४ मध्ये, युद्ध चालू असताना, पी.सी. १००३ नावाचा केंद्राचा हुकूम निघाला. आजच्या सगळ्या कायद्यांचा सांगाडा त्यातलाच. एका बार्गेनिंग युनिटची, म्हणजे बोलणीसाठी एकत्र धरलेल्या कामगारांच्या गटाची, एकच युनियन. त्या गटात बहुमत सिद्ध झालं की बोर्ड तिला प्रमाणपत्र देतं. मग मालकाने तिच्याशीच, आणि प्रामाणिकपणे, बोलणी करायची. युनियननेही गटातल्या प्रत्येकाची बाजू न्याय्यपणे मांडायची, मग तो सभासद असो वा नसो. तिने हे केलं नाही, तर कामगार तिच्याविरुद्ध बोर्डाकडे जाऊ शकतो. अशा तक्रारींचे निकाल जरूर वाचा; युनियन आतून कशी चालते ते त्यांतून जितकं कळतं तितकं कुठल्याही वार्षिक अहवालातून कळत नाही.

गिरणगाव ठाऊक असलेल्या वाचकाला इथे १९८२ आठवल्यावाचून राहणार नाही. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने प्रातिनिधिक युनियन म्हणून राष्ट्रीय मिल मजदूर संघाला धरलं होतं आणि कामगार होते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. एक गट, एक युनियन हे तत्त्व तिथेही होतं. कॅनडात फरक आहे तो युनियन बदलण्याच्या वाटेत. कराराच्या शेवटच्या काही महिन्यांत ‘ओपन पीरियड’ असतो. त्या काळात दुसरी युनियन बोर्डाकडे अर्ज करू शकते, आणि बोर्ड तिच्यामागे बहुमत आहे का ते तपासतं. याला तिथे सरळ ‘रेड’ म्हणतात. एका महासंघातल्या युनियननी एकमेकींवर रेड टाकू नये असा संकेत आहे, आणि त्यावरून भांडणंही होतात. युनिफॉर ही खासगी क्षेत्रातली सर्वांत मोठी युनियन जानेवारी २०१८ मध्ये कॅनेडियन लेबर काँग्रेस या महासंघातून बाहेर पडली, ती याच प्रकारच्या वादात.

दुसरी गोष्ट वर्गणीची. १९४५ मध्ये विंडसरला फोर्डच्या कामगारांनी संप केला. कारखान्याभोवती मोटारी आडव्या लावून रस्ते अडवले, तो हा संप. वाद मिटवायला न्यायमूर्ती आयव्हन रँड आले. जानेवारी १९४६च्या त्यांच्या निवाड्यात असं ठरलं, की सभासद व्हायची सक्ती नाही, पण कराराचा फायदा सगळ्यांना मिळतो, तर वर्गणी सगळ्यांच्या पगारातून कापावी. ‘रँड फॉर्म्युला’ तो हाच. दारोदार पावत्या फाडत फिरणारा युनियनचा माणूस तिथे दिसत नाही, त्याचं कारण हे.

पायरी ३: करार मिळवा, आणि पगाराचं पान सोडून वाचा

केंद्राच्या कामगार विभागाचा ‘नेगोटेक’ नावाचा करारांचा साठा आहे. ओंटारियोच्या कामगार मंत्रालयाचं करारांचं ई-ग्रंथालय आहे, क्वेबेकचं ‘कोराय’ आहे. तिथे सापडलं नाही, तर युनियनच्या त्या लोकलची वेबसाइट उघडा; लोकल म्हणजे स्थानिक शाखा, आणि तिला नंबर असतो. तो नंबर लिहून ठेवा, पुढे निवाडे शोधताना उपयोगी पडतो.

करार शंभर-दोनशे पानांचा असतो. नवखा माणूस थेट पगाराच्या तक्त्यावर जातो. तुम्ही आधी मान्यतेचं कलम उघडा. या करारात कोण आहे आणि कोण नाही, हे तिथे लिहिलेलं असतं: पर्यवेक्षक बाहेर, आठवड्याला अमुक तासांपेक्षा कमी काम करणारे बाहेर, उन्हाळ्यातले विद्यार्थी बाहेर. कितीदा खरी गोष्ट या ‘बाहेर’च्या यादीतच असते. मग व्यवस्थापनाच्या अधिकारांचं कलम. ते एका परिच्छेदाचं असेल तर मालकाचा हात मोकळा. पुढच्या कलमांनी त्याला किती बांधलंय ते मोजत जा.

त्यानंतर सीनियॉरिटी. कॅनडातल्या करारांचा हा कणा. बढती, पाळी, सुट्टीची निवड, ले-ऑफ आणि परत बोलावणं, सगळं नोकरीच्या ज्येष्ठतेला जोडलेलं. नोकरी गेलेला ज्येष्ठ कामगार कनिष्ठाची जागा घेऊ शकतो, याला ‘बंपिंग’ म्हणतात. ज्येष्ठता खात्यापुरती धरायची की अख्ख्या कारखान्यात, यावर युनियनच्या आत किती ताण असतो, ते कलमाच्या भाषेवरून ओळखता येतं. मोघम कलम दिसलं, की तिथे तडजोड झाली आहे असं समजून शोधायला लागा.

आता शेवटची पानं. ‘लेटर ऑफ अंडरस्टँडिंग’ या नावाने पाच-पन्नास पत्रं जोडलेली असतात. बोलणी अडली की जे मुख्य करारात बसत नाही ते इथे येतं: ठेकेदाराला किती काम द्यायचं, नवं यंत्र आलं तर काय, एका विशिष्ट खात्याला दिलेली सूट. मागचा करार शेजारी ठेवून ही पत्रं ताडून बघा. कुठलं पत्र गायब झालं, कुठलं कलम होऊन आत आलं, एवढ्यावर एक चांगला निबंध होतो. पगारवाढीचे टक्के वर्तमानपत्रातही मिळतात.

पायरी ४: निवाडे वाचा

करार चालू असताना संप नाही, त्याच्या बदल्यात प्रत्येक करारात लवादाची तरतूद असावीच लागते. त्यामुळे कॅनडात लवादांच्या निवाड्यांचा डोंगर साचला आहे. तो, आणि बोर्डांचे व न्यायालयांचे निकाल, ‘कॅनली’ या मोफत संकेतस्थळावर शोधता येतात. वकील संघांच्या महासंघाने ते चालवलं आहे. युनियनचं नाव, लोकलचा नंबर, मालकाचं नाव असं टाकून शोधा आणि निकाल तारखेच्या क्रमाने लावा.

सरावासाठी क्वेबेकमधल्या जाँकिएरचं वॉलमार्ट घ्या. २००४ मध्ये तिथल्या दुकानात युनियनला मान्यता मिळाली. पहिल्या कराराची बोलणी निष्फळ ठरली आणि एप्रिल २००५ मध्ये कंपनीने दुकानच बंद केलं. सुमारे १९० जणांची नोकरी गेली. बातमी इथे संपली. खटले चालूच राहिले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कामगार हरले. दुकान खरोखर आणि कायमचं बंद केलंय, तर ते बंद करणं हेच काम काढून घेण्याचं वैध कारण ठरतं, असा सूर. २०१४ मध्ये त्याच न्यायालयात, वेगळ्या कलमाखाली, युनियन जिंकली: पहिला करार होईपर्यंत कामाच्या अटी जैसे थे ठेवण्याचं बंधन मालकावर होतं, आणि समाधानकारक कारण न देता सगळ्यांना काढून त्याने ते मोडलं. दोन्ही निकाल ओळीने वाचले, की एकाच घटनेवर दोन कलमं कशी वेगळी उत्तरं देतात ते दिसतं. मग लाव्हालमधल्या ॲमेझॉनच्या गोदामाकडे वळा. तिथे मे २०२४ मध्ये सीएसएन या क्वेबेकमधल्या महासंघाच्या युनियनला मान्यता मिळाली आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने क्वेबेकमधली आपली सातही केंद्रं बंद करत असल्याचं जाहीर केलं. हे प्रकरण समजून घेताना वॉलमार्टचे निकाल हाताशी लागतीलच.

राज्यघटनेची बाजू थोडक्यात: १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संपाच्या हक्काला घटनेचं संरक्षण नाकारलं, २००७ मध्ये सामूहिक बोलणीला ते दिलं आणि २०१५ मध्ये सस्कॅचेवानच्या खटल्यात संपालाही. २०१५ पूर्वीचं पाठ्यपुस्तक वापरत असाल तर हा भाग त्यातून घेऊ नका.

पायरी ५: आकडे वापरा, पण व्याख्या तपासून

युनियनचे आकडे स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या मासिक श्रमबल पाहणीतून येतात, १९९७ पासून सलग. १९८१ मध्ये नोकरदारांपैकी सुमारे ३८ टक्के युनियनमध्ये होते, आता ३० टक्क्यांच्या आसपास आहेत. या सरासरीत फार काही नाही. सार्वजनिक क्षेत्रात दर चारांतले तीन, खासगी क्षेत्रात शंभरातले पंधरा-सोळा, हे विभाजन खरं महत्त्वाचं. प्रांतांत क्वेबेक वर, चाळिशीच्या जवळ, अल्बर्टा तळाशी.

चूक होते ती दोन रकान्यांत. एक सभासदांचा, दुसरा कराराखाली येणाऱ्यांचा. रँड फॉर्म्युल्यामुळे दुसरा आकडा नेहमी थोडा मोठा असतो. एका प्रांताचा पहिला आणि दुसऱ्याचा दुसरा उचलून तुलना केलेली मी छापील लेखांतही पाहिली आहे. स्वयंरोजगारवाले या टक्केवारीत धरलेले नसतात, हेही ध्यानात ठेवा. ॲपवर गाडी चालवणारे त्यामुळे निसटतात. १९९७च्या आधीचे बरेचसे आकडे वेगळ्या कायद्याखाली युनियननीच भरलेल्या विवरणांतून आलेले आहेत. दोन्ही मालिका एकाच रेषेत जोडायच्या असतील तर आलेखावर तसं लिहा.

संपांसाठी वाया गेलेले ‘मनुष्यदिवस’ मोजतात. एक मोठा संप अख्ख्या वर्षाचा आकडा फुगवतो. २०२३च्या अखेरीस क्वेबेकमध्ये सरकारी, शाळा आणि आरोग्य क्षेत्रातले ४ लाख २० हजार कर्मचारी ‘फ्रंट कम्यून’ या युनियनच्या संयुक्त आघाडीच्या झेंड्याखाली संपावर गेले. त्या वर्षाचा उंचवटा पाहून ‘कॅनडात संपांची लाट’ म्हणण्याआधी क्वेबेक वगळून बेरीज करून बघा.

पायरी ६: कोण कोणाचं, ते जुळवा

कॅनेडियन लेबर काँग्रेस १९५६ची. तिच्यातली सर्वांत मोठी युनियन क्यूपी, १९६३ची, सात लाखांहून जास्त सभासद. पालिका, शाळा, रुग्णालयं, विद्यापीठं आणि विमानातले परिचारकसुद्धा. युनिफॉर २०१३ मध्ये मोटार आणि कागद-दूरसंचार कामगारांच्या युनियन एकत्र येऊन झाली. नावात ‘इंटरनॅशनल’ असेल तर मुख्यालय बहुधा अमेरिकेत. क्वेबेकचं जग निराळं आहे: सीएसएन १९२१ मध्ये कॅथलिक संघटना म्हणून सुरू झाली, आज तिचा चर्चशी संबंध नाही. क्वेबेकवर गंभीर काम करायचं तर फ्रेंच वाचता यायला हवी. भाषांतर-यंत्रावर करारातली कलमं सोडू नका.

युनियनचे हिशेब सार्वजनिक करायला लावणारा केंद्राचा कायदा २०१५ मध्ये झाला आणि २०१७ मध्ये रद्दही झाला. तेव्हा पैशाची माहिती सहज मिळत नाही. एक आडवाट आहे. अमेरिकेत मुख्यालय असलेल्या युनियनना तिथल्या कामगार खात्याकडे ‘एलएम-२’ हे विवरण भरावं लागतं, आणि ते कोणालाही उघडता येतं.

आता एकदा बातमीकडे परत

एवढं झालं की संप हातात घ्या. एअर कॅनडा, ऑगस्ट २०२५. विमान कंपनी, म्हणजे केंद्राचा कायदा आणि केंद्राचं बोर्ड. सुमारे १० हजार परिचारक, युनियन क्यूपी. २०१५ पासूनचा दहा वर्षांचा करार मार्चअखेर संपला होता. संप तेव्हाच का होऊ शकला, याचं उत्तर इथे मिळालं. मुख्य गाऱ्हाणं होतं विमान जमिनीवर असतानाच्या कामाला पगार नसल्याचं; त्यासाठी जुन्या करारातलं वेतनाचं कलम काढून वाचायचं. १६ ऑगस्टला संप सुरू झाला आणि त्याच दिवशी मंत्र्यांनी कायद्याचं कलम १०७ वापरून बोर्डाला हस्तक्षेप करायला सांगितलं. हेच कलम २०२४ मध्ये रेल्वे, बंदरं आणि टपालासाठी वापरलं गेलं होतं. यावेळी युनियनने कामावर परतायचा आदेश जुमानला नाही, आणि १९ तारखेला तात्पुरता समझोता झाला. पुढे सभासदांनी त्यातला पगाराचा भाग ९९.१ टक्के मतांनी फेटाळला. तुमचा प्रश्न आता ‘संप का झाला’ हा राहत नाही. कलम १०७ हाताशी असल्यावर मालक बोलणीच्या टेबलावर किती मनापासून बसतो, असा तो होतो, आणि त्यावर वर्षभर काम करता येईल.

पायरी ७: जुने कागद, आणि मग माणसं

केंद्राच्या कामगार खात्याने सप्टेंबर १९०० पासून ‘लेबर गॅझेट’ काढलं. जुन्या संपांची, मजुरीची नोंद तिथे सापडते. विनिपेगच्या १९१९च्या सार्वत्रिक संपाची सरकारी बाजू वाचायलाही ते बरं. संशोधनासाठी दोन नियतकालिकं आधी चाळा: लाव्हाल विद्यापीठाचं, १९४५ पासूनचं ‘रिलासियों अँदुस्त्रियेल’, आणि इतिहासासाठी १९७६ पासूनचं ‘लेबर / ल त्राव्हाय’. हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात युनियनच्या दप्तरांचा मोठा संग्रह आहे.

भारतीय धागा हवा असेल तर ब्रिटिश कोलंबियातल्या शेतमजुरांकडे जा. फ्रेझर खोऱ्यात फळं-भाज्या तोडणारे बहुतेक पंजाबी होते. १९८० मध्ये त्यांनी कॅनेडियन फार्मवर्कर्स युनियन उभी केली. संस्थापक अध्यक्ष राज चौहान २०२० मध्ये त्या प्रांताच्या विधानसभेचे सभापती झाले. युनियनचे कागद सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. ओंटारियोत शेतमजुरांना मुख्य कामगार कायद्याबाहेरच ठेवलंय, त्यावर २००१ आणि २०११ असे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आहेत. तुलनेला आयता विषय.

मुलाखती शेवटी घ्या, करार वाचून झाल्यावर. कॅनडातल्या विद्यापीठात शिकत असाल तर पहिला फोन करण्याआधी संशोधन-नीती समितीची परवानगी लागते आणि तिला काही आठवडे जातात. अर्ज पहिल्याच सत्रात टाका. युनियनच्या संशोधन विभागाला लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. खात्यातला स्टीवर्ड, म्हणजे कामगारांमधलाच युनियनचा प्रतिनिधी, तक्रारी रोज हाताळतो, त्याला कलमांचे नंबर तोंडपाठ असतात. ‘तुमच्या करारातल्या चौदाव्या कलमाखाली गेल्या वर्षी काय काय झालं?’ असं विचारलंत की तो मोकळा बोलतो. मान्यतेची मोहीम चालू असलेल्या ठिकाणी मात्र कार्डावर सही कोणी केली हे विचारू नका, कोणी आपणहून सांगितलं तर वहीत लिहू नका. ती नावं कायद्याने गुप्त असतात, आणि तुमची वही मालकाच्या हाती पडली तर नोकरी त्यांची जाईल.